पोथीतून लांब तलवार शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका तालमीत सहा वर्षं मर्दानी खेळ शिकलेल्या, लाठी आणि पट्टा फिरवणाऱ्या एका तरुणाला युरोपातली दोन हातांची लांब तलवार शिकायची आहे. जवळपास शिकवणारं कुणी नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या तलवारबाजीच्या पोथ्यांची चित्रं आणि इंग्रजी भाषांतरं मात्र फुकट मिळतात. त्यांवरून खरंच शिकता येईल का, आणि कोणत्या पोथीपासून सुरुवात करावी?

मी मूळची सांगलीची. चौदा वर्षांपूर्वी जर्मनीत आले, त्यातली बारा वर्षं या तलवारीत गेली. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवतेही. तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण तुमच्याजवळ जे आहे ते इथे माझ्या वर्गात येणाऱ्या कुणाजवळच नसतं: वस्तादांच्या हाताखाली घालवलेली वर्षं.

शिकता येतं. इथेही सगळे पोथ्यांवरूनच शिकतात. लांब तलवारीची परंपरा युरोपात तुटली. सतराव्या शतकापर्यंत एकहाती, टोकाने भोसकणाऱ्या तलवारींनी तिची जागा घेतली होती. पुढे त्यांतून आजच्या फेन्सिंगच्या खेळातली फॉइल आणि एपे ही हत्यारं आली, पण दोन हातांच्या तलवारीचं शिक्षण गुरूकडून शिष्याकडे जायचं थांबलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये एगर्टन कॅसल आणि आल्फ्रेड हटन यांनी जुनी पुस्तकं उघडून प्रात्यक्षिकं केली, पण त्यांच्यामागे ते काम ओसरलं. आज 'हेमा' (हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स, म्हणजे युरोपातल्या जुन्या युद्धकला) या नावाने जे चालतं, ते मुख्यतः १९९०नंतर उभं राहिलं. म्हणजे 'मी हे माझ्या वस्तादांकडून घेतलं, त्यांनी त्यांच्या वस्तादांकडून' असं पंधराव्या शतकापर्यंत मागे नेणारं कुणीही नाही. कोल्हापुरात बसून तुम्ही जी पानं पाहाल, तीच पानं मीही पाहते.

या पोथ्या शिकवण्यासाठी लिहिलेल्या आहेत असं समजून चालू नका. बऱ्याचशा आठवण ठेवण्यासाठी लिहिलेल्या आहेत. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात ३२२७अ क्रमांकाचं एक हस्तलिखित आहे. त्याचा लेखक स्वतःच म्हणतो की तलवारबाजी हाताने जशी दाखवता येते तशी ती शब्दांत सांगता किंवा लिहिता येत नाही. तो असंही म्हणतो की सराव हा कलेहून बरा. कलेवाचून सराव कामाला येतो, पण सरावावाचून कला कामाला येत नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीतली बंदीश समोर ठेवली, पण तो राग कधी कानावर पडलेलाच नाही, तर गाणारा काय गाईल? स्वर बरोबर लागतील आणि राग उभा राहणार नाही. ज्याने राग ऐकला आहे त्याला मात्र तेवढीच चार अक्षरं पुरतात. पोथ्या त्या दुसऱ्या माणसासाठी आहेत, आणि आपण पहिले आहोत.

जर्मन परंपरेत हे फार स्पष्ट दिसतं. योहानेस लीश्टेनाउअर नावाच्या गुरूची पद्यं आहेत, त्यांना 'त्सेटल' म्हणतात. ती मुद्दाम झाकलेल्या शब्दांत रचलेली आहेत, म्हणजे उथळ शिक्षकांच्या हाती विद्या लागू नये. पुढे पंधराव्या शतकात इतरांनी त्या पद्यांवर गद्यात टीका लिहिल्या. झिग्मुंड रिंगेकच्या नावावर असलेली टीका ड्रेस्डेनला आहे, आणि १४५२ सालची एक पोथी रोममध्ये आहे. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे समजायला सोपं आहे: ही सूत्रं आणि ही भाष्यं. सूत्र पाठ करायचं, भाष्यातून उलगडायचं, आणि दोन भाष्यकारांचं जमत नसेल तिथे थांबून विचार करायचा. मी जर्मन सहकाऱ्यांना हे समजावून सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं. मला मात्र पहिल्याच महिन्यात या रचनेत घरच्यासारखं वाटलं होतं.

आता एक उदाहरण नीट घेते, कारण पोथी कशी वाचायची हे उदाहरणाशिवाय सांगता येत नाही.

लीश्टेनाउअरच्या पाच खास वारांपैकी पहिला 'त्सोर्नहाउ', म्हणजे रागाचा वार. उजव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा. रागावलेला कुणीही माणूस सहज करेल तसा, म्हणून हे नाव. पद्य साधारण असं आहे: जो तुझ्यावर वरून वार करतो, त्याला रागाच्या वाराचं टोक धमकावतं. त्याच्या ते ध्यानात आलं, तर वरून काढून घे, निर्धास्तपणे. तो जोर करत असेल तर उलट जोर धर, वळव, भोसक. त्याने तेही पाहिलं, तर खाली घे. एवढंच. टीकाकार यावर सांगतो की समोरच्याने त्याच्या उजवीकडून वरून वार केला, तर तूही तुझ्या उजव्या खांद्यावरून त्याच्याबरोबर जोराने वार कर. तलवारी भिडल्यावर तो नरम लागला, तर टोक सरळ त्याच्या तोंडावर लांबव.

हे वाचून आम्ही काय केलं? समोरच्याची तलवार येतेय, तिला आपल्या तलवारीने जोरात हाणायचं, बाजूला उडवायचं आणि मग टोक पुढे करायचं. दोन वर्षं मी असंच केलं आणि असंच दुसऱ्यांना दाखवलं. वर्गात छान दिसायचं. मग एक नवा मुलगा आला, उंच, आधी सेबर, म्हणजे फेन्सिंगमधलं वार करायचं हत्यार, खेळलेला. त्याने मला साधंच विचारलं, 'मी खरंच डोक्यावर मारू का?' मी हो म्हटलं. त्याने खरंच मारलं, म्हणजे मी हलले नसते तर तलवार मास्कवर बसली असती असं. मी सवयीने त्याची तलवार उडवली, माझं टोक त्याच्या खांद्याच्या बाहेर गेलं, आणि मी ते परत आणेपर्यंत त्याने दुसऱ्या बाजूने माझ्या मास्कवर टोला दिला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

त्या रात्री टीका पुन्हा वाचली. 'तलवारीवर मार' असं त्यात कुठेच नाही. 'त्याच्याबरोबर वार कर' असं आहे. मी माणसावर वार करायचा आहे. दोघांचेही वार एकमेकांच्या डोक्याकडे निघाले की तलवारी वाटेत आपोआप भिडतात, आणि मी नीट पाऊल टाकलेलं असेल तर भिडल्याक्षणी माझं टोक त्याच्या चेहऱ्यासमोर असतं. पुढची ओळही तेव्हाच अर्थपूर्ण होते. 'त्याच्या ते ध्यानात आलं तर' म्हणजे काय ध्यानात आलं? चेहऱ्यासमोरचं टोक. तो घाबरून माझी तलवार बाजूला दाबतो, आणि तो दाबतो म्हणूनच मला वरून काढून दुसऱ्या बाजूने मारता येतं. माझ्या जुन्या अर्थात टोक धमकावतच नव्हतं, त्यामुळे पुढच्या ओळीला काही कारणच उरत नव्हतं.

यातून मी दोन गोष्टी शिकले आणि त्या अजून सोडलेल्या नाहीत. पहिली, तुमच्या अर्थातून पुढची ओळ आपसूक निघते का ते बघा. निघत नसेल तर अर्थ चुकला आहे, मग तो कितीही देखणा दिसो. दुसरी, जोडीदाराचा वार खरा असला पाहिजे. हळू चालेल, अगदी गोगलगायीच्या गतीने चालेल, पण त्याची तलवार थांबवली नाही तर ती तुमच्या डोक्यावरच यायला हवी. पाऊलभर लांबून हवेत मारलेल्या वारावर तुम्ही काहीही केलंत तरी ते जमल्यासारखं वाटतं. या क्षेत्रातली निम्मी चुकीची अनुमानं अशा खोट्या वारांवर उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. मोकळ्या लढतीत चाललं म्हणजे तेच पोथीत आहे, असं नाही. मागे सरकून समोरच्याच्या बोटांवर टिचकी मारणं लढतीत उत्तम चालतं, गुणही मिळतात. त्याने त्सोर्नहाउचा अर्थ लागत नाही. शरीर 'हे शक्य आहे की नाही' एवढंच सांगतं. लेखकाला काय म्हणायचं होतं ते शब्दांनीच सांगायचं असतं.

आता तुमच्या पट्ट्याबद्दल. पट्ट्यात हात पोलादी मोज्यात असतो, मनगट जवळपास बांधलेलं असतं, म्हणून ताकद खांदा, कंबर आणि पवित्र्यातून येते. लांब तलवारीत दोन्ही हात मुठीवर असतात, पुढचा हात टेकू आणि मागचा हात तरफ. मागचा हात चार बोटं सरकला की टोक हातभर फिरतं. तलवारी भिडलेल्या असताना जे सगळं घडतं ते या तरफेवर. जर्मन त्याला 'विंडेन' म्हणतात, वळवणं, आणि समोरच्याच्या तलवारीतला जोर हाताला जाणवणं याला 'फ्युलेन'. पोथीत पाय किंवा हात कुठे ठेवायचा ते लिहिलेलं नसेल, आणि बहुतेकदा नसतंच, तेव्हा तुमचं शरीर ती जागा पट्ट्याने भरेल. मोठं वर्तुळ येईल, खांदा पुढे येईल. हा दोष तुमचा एकट्याचा नाही. इथे सेबरवाले सेबरने भरतात, जपानी केंडोवाले केंडोने.

मी एक साधी सवय लावून घेतली आहे. वहीत प्रत्येक डाव दोन शाईंनी लिहिते. पोथीत शब्दशः आहे ते निळ्याने, मी भर घातली ते लाल. त्सोर्नहाउच्या पानावर आजही निळ्या ओळी सात आणि लाल सव्वीस आहेत. लाल शाई असणं वाईट नाही, तिच्यावाचून डाव उभाच राहत नाही. पण ती लाल आहे हे कळलं पाहिजे, म्हणजे उद्या नवा पुरावा आला की खोडता येते. मर्दानी खेळातून भरलेली जागा असेल तर तिसरी शाई वापरा. काही वर्षांनी ते पान फार मोलाचं होईल, कारण दोन परंपरा कुठे जुळतात आणि कुठे नाही याची अशी प्रामाणिक नोंद मी तरी अजून पाहिलेली नाही.

तुमचे पवित्रे, अंतराचा अंदाज, अंगावर येणारं शस्त्र डोळे न मिटता बघण्याची सवय, हूल ओळखण्याची नजर, हे सगळं मात्र जसंच्या तसं उपयोगी पडेल. ते शिकवण्यात माझे दोन-दोन हंगाम जातात.

चित्रांबद्दल एक सावधगिरी. चित्र म्हणजे फोटो नव्हे. चित्रकार तलवारबाज असेलच असं नाही, आणि डावातला कोणता क्षण काढला आहे तेही पोथीगणिक बदलतं. रिदोल्फो कापोफेर्रोच्या १६१०च्या पुस्तकात भोसकणी पूर्ण झालेली दिसते, पातं आरपार गेलेलं. हान्स टालहोफरच्या पोथ्यांत चित्र मोठं आणि मजकूर ओळभर, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे तुम्हीच शोधायचं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधली 'आय ३३' ही सर्वांत जुनी उपलब्ध पोथी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. तिच्यात एक धर्मगुरू शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतो आणि शेवटी वालपुर्गिस नावाची स्त्रीही हातात तलवार घेऊन उभी राहते. ती मला अतिशय प्रिय आहे. पण ती एकहाती तलवारीची आहे, आणि तिच्यातले पाय पाहून पाऊल ठरवू नका.

मग सुरुवात कुठून? तुमच्यासाठी माझं उत्तर जर्मन नाही, इटालियन आहे: फियोरे देई लिबेरी.

हा उत्तर इटलीतल्या फ्रिउलीचा, प्रेमारियाक्को गावचा. त्याची पोथी पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तिच्या चार प्रती आज माहीत आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातली सर्वांत सविस्तर, गद्यात, आणि तिची पानं संग्रहालयाने सर्वांना खुली केली आहेत. प्रस्तावनेत तो सांगतो की इतर शिक्षकांशी त्याला पाच वेळा धारदार तलवारींनी लढावं लागलं, अंगात कापसाचं जाकीट आणि हातात कातडी मोजे एवढ्यावर. पुस्तकांशिवाय या कलेत कुणी चांगला गुरू किंवा शिष्य होऊ शकत नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. आपल्यासारख्यांना त्याहून दिलासा तो कोणता!

फियोरे मी सुचवते त्याची कारणं दोन. एक, त्याच्या चित्रांना व्याकरण आहे. डोक्यावर मुकुट असलेला उपाय दाखवतो. गुडघ्याखाली सोनेरी पट्टी असलेला शिष्य, तो त्याच उपायातून पुढचे डाव करतो. मुकुट आणि पट्टी दोन्ही असलेला माणूस त्या उपायाची तोड दाखवतो. कोण कुणावर मात करतोय हे भाषा न कळताही समजतं. दुसरं कारण तुमच्या गावाचं आहे. फियोरे तलवारीपासून सुरू करत नाही. आधी कुस्ती, मग खंजीर, मग तलवार, भाला, शेवटी घोड्यावरची लढत. कुस्तीतला हात पिरगाळणं खंजिरात येतं, खंजिरातलं तलवारीच्या जवळच्या डावात. इथल्या शहरी मुलांना मी तो पहिला भाग शिकवताना घाम फुटतो, कारण दुसऱ्याच्या अंगाला भिडायची त्यांना सवयच नसते. कोल्हापुरात लाल मातीत उतरलेला जोडीदार तुम्हाला कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळेल. त्याला खंजिराच्या जागी लाकडी दांडका द्या, खंजिराचा पहिला उपाय दाखवणाऱ्या मुकुटधारी गुरूची पानं समोर ठेवा आणि सहा महिने तलवारीला हात लावू नका. अवघड वाटेल, पण तलवार हाती घ्याल तेव्हा बरंचसं शिकून झालेलं असेल.

त्याच्या पवित्र्यांना 'पोस्ता' म्हणतात. पोस्ता दि दोन्ना, पोस्ता दि फिनेस्त्रा, पोस्ता लोंगा, कोदा लोंगा, देन्ते दि झेंगियारो: बाईचा, खिडकीचा, लांब, लांब शेपटीचा, रानडुकराच्या सुळ्याचा. नावं मुळातलीच पाठ करा, भाषांतरं बदलत राहतात. 'झोगो लार्गो' आणि 'झोगो स्त्रेत्तो' हे शब्द भेटतील, ऐसपैस खेळ आणि अरुंद खेळ. ते अंतराबद्दल आहेत की तलवारी कशा अडकल्या आहेत त्याबद्दल, यावर इथे अजून वाद रंगतात. माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. तुम्ही वर्षभर करून मगच बाजू घ्या.

जोडीदार येणार नाही त्या दिवशी काय करायचं, त्यासाठी एक पोर्तुगीज पुस्तक आहे. दियोगो गोमेस द फिगेरेदो याने १६५१मध्ये 'मोंतांते'चे, म्हणजे माणसाच्या खांद्या-डोक्याइतक्या उंच दोन हातांच्या तलवारीचे नियम लिहिले: सोळा साधे, सोळा जोड. ते एकट्यानेच करायचे असतात, कारण मोंतांते मुळात एकाने अनेकांना रोखण्याचं हत्यार. अरुंद गल्लीत कसं फिरवायचं, गलबताच्या फळीवर कसं, असे प्रसंग त्यात आहेत. पट्टा फिरवणाऱ्याला ती लय ओळखीची वाटेल. आपल्याकडे युरोपी पात्याला देशी मूठ बसवून 'फिरंग' बनली, म्हणजे त्यांचं पोलाद आपण केव्हाच हाताळलं आहे. त्यांचे नियम हाताळण्याचा हा दुसरा रस्ता.

योआखिम मायर दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. हा बासेलचा, श्ट्रासबुर्गमध्ये सुऱ्या-चाकू बनवणारा कारागीर. १५७०मध्ये त्याने भरपूर लाकूडठशांचं जाडजूड पुस्तक छापलं, त्यापायी कर्ज झालं. श्वेरीनच्या दरबारात नोकरी मिळाली म्हणून तो कडाक्याच्या थंडीत निघाला आणि १५७१मध्ये तिथे पोचल्यावर लगेचच वारला. पायरी-पायरीने शिकवायची खरी हातोटी त्याच्याकडे आहे, सगळ्या पोथीकारांत तोच मला शिक्षक वाटतो. पण त्याच्या लांब तलवारीत भोसकणं जवळपास वगळलेलं आहे, कारण तोवर ती जर्मन शहरांत शाळेतला खेळ झाली होती. हे माहीत नसताना मायर आणि लीश्टेनाउअर एकत्र वाचले की गोंधळ होतो.

साधनांबद्दल. शोभेची तलवार घेऊ नका, तिची मुठीतली दांडी बारीक असते आणि जोराच्या वारात पातं निसटून उडतं. खरी लांब तलवार साधारण १.२ ते १.६ किलोची असते, लोक समजतात तशी पाच-सात किलोची नाही. सरावाला जी लवचीक, बोथट पोलादी तलवार वापरतात तिला 'फेडर' म्हणतात. ती मागवावी लागेल, पण पहिलं वर्ष तिची गरज नाही. सव्वा मीटरची घट्ट लाकडी काठी घ्या आणि खालच्या टोकापासून वीतभर वर एक खूण करा. ती मुठीवरची आडवी दांडी समजा. तुमच्या लाठीसारखी ती मध्यावर धरायचा मोह होईल. तो टाळा, नाहीतर तरफेची सवय लागणार नाही.

जोडीने काहीही करताना, हळूसुद्धा, खेळाच्या फेन्सिंगचा मास्क डोक्यावर हवाच. तो भारतात मिळतो. त्याने डोक्याची मागची बाजू झाकली जात नाही, तिथे जाड गादी शिवून लावा. आणि बोटं सांभाळा. या खेळात सर्वांत आधी बोटं मोडतात. माझं उजव्या हाताचं मधलं बोट साध्या सरावात मोडलं, लढतीत नाही, पातळ मोजे घालून 'हळूच तर करतोय' म्हणताना. चांगले कडक मोजे मिळेपर्यंत काठ्या पूर्ण वेगाने भिडवू नका.

आणि सुरू करण्याआधी वस्तादांना सांगा. मागाहून कळलं तर त्यांना वाटेल की तालीम सोडून चाललात. आधी पोथीची दोन पानं त्यांच्यापुढे ठेवा, खंजिराची ठेवा. ज्या माणसाने आयुष्यभर हातांनी शिकवलं आहे, तो चित्रातल्या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे ते तुमच्या-माझ्याआधी सांगेल. ते काय म्हणाले ते तिसऱ्या शाईने लिहा, आणि मला जरूर कळवा.